गाऱ्हाणं घालणारे सर

डिझाईन कुठे शिकलीस असं कुणी विचारलं की मी कॉलेजचं नाव सांगते आणि विषय बदलते. खरं उत्तर दिलं तर माणसं आपली खुर्ची जरा मागे सरकवतील. खरं उत्तर म्हणजे एक माणूस. समोर आम्ही त्यांना सर म्हणायचो, मागून 'म्हाराजा'. त्यांच्या तासाला पोरं पहिल्या महिन्यात खिदळायची आणि दुसऱ्या महिन्यात कॉलेजचा मागचा जिना एकटी उतरायला घाबरायची. मी लालबागची. भुताखेतांना घाबरणं आमच्या चाळीत परवडत नाही, जागाच नाही तेवढी. तरी मीसुद्धा सोबत बघूनच उतरायचे.

कॉलेज परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. बाहेरून सगळी काच, आत सगळा एसी. टाइमटेबलवर त्यांच्या विषयाचं नाव 'क्रिएटिव्ह डिझाईन थिंकिंग' असं भारदस्त होतं. बाकीचे मास्तर हा विषय रंगीत चिठ्ठ्या चिकटवून शिकवायचे. पिवळी चिठ्ठी म्हणजे अडचण, गुलाबी म्हणजे कल्पना, आणि भिंत भरली की झालं डिझाईन. सर पहिल्याच तासाला आले, भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या, नीट गठ्ठा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माणूस असा चिकटत नाही रे. आधी अंगात, मग कागदावर."

हे 'अंगात' त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत असेल. कसली पद्धत! तरुणपणी ते कोकणात दशावतारात बायकांची कामं करायचे. मग मुंबईत येऊन रीतसर डिझाईनची पदवी घेतली, काही वर्षं नाटकांचे सेट केले, मग शिकवायला लागले. अंग किरकोळ, दाढी पांढरी, भुवया मात्र अजून कोरल्यासारख्या. त्यांचा स्वतःचा चेहरा कसा होता ते मला आठवत नाही, खरंच नाही. कारण बोलता बोलता ते ज्याच्याविषयी बोलायचे तो व्हायचे, आणि तो गेल्यावर चेहऱ्यावर जे उरायचं त्याकडे बघवायचं नाही.

त्यांच्या पायात कधी स्वतःच्या चपला नसायच्या. जुन्या बाजारातून दुसऱ्यांच्या झिजलेल्या चपला आणायचे, आठवडाभर घालायचे आणि त्या माणसासारखे चालायचे. एकदा व्हरांड्यात उजवा पाय बाहेर टाकत चालले होते. मी विचारलं, "सर, पाय दुखतोय का?" म्हणाले, "माझा नाही, याचा. गुडघा गेलेला होता, आणि हातात नेहमी काहीतरी जड असायचं, बहुतेक पाण्याची कळशी." मग थांबले, खाली चपलेकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "नाहीये आता तो." आम्ही दोघी होतो, मी आणि माझी मैत्रीण प्रज्ञा. प्रज्ञाने माझा हात असा दाबला की नखं उमटली.

प्रज्ञा नायगावची. तिच्या घरी दारातच बाबासाहेबांचा फोटो, आणि अंगात येणं, उतारा, कौल असल्या गोष्टींना उंबऱ्याच्या आत परवानगी नाही. त्यामुळे सरांचं गाऱ्हाणं सुरू झालं तेव्हा पहिला हात तिचाच वर गेला.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आमच्यासारख्या कोकणातल्या घरांना सांगावं लागत नाही. कार्याच्या आधी एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून खणखणीत आवाजात सगळं मागणं मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' सरांनी तेच उचललं. कुठलीही वस्तू काढायच्या आधी तिच्यासाठी गाऱ्हाणं. त्यांचं पहिलं अजून पाठ आहे मला. समोर दाराची एक साधी कडी ठेवली होती.

"बा कडये म्हाराजा!"

आम्ही हसत हसत, "व्हय म्हाराजा!"

"आज ही पोरां तुझ्या पायाकडे इली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"तेंची अक्कल कागदावर सांडान जाता, ती जरा हातापायात उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रज्ञा उभी राहिली. "सर, सॉरी, पण आमच्यात देवबीव नाही. मी हे म्हणणार नाही."

आम्हाला वाटलं, आता वाजणार. सर उलट खूश झाले. "देव कुठे आहे यात? गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. तुमच्या लोकांनी तर तक्रार करायला साऱ्या देशाला शिकवलं. तू तक्रार कर, बाई. फक्त एक लक्षात ठेव. समोरून कुणी 'हो' म्हणालं की ती तक्रार तुझी राहत नाही, ती 'हो' म्हणणाऱ्याची होते."

प्रज्ञा खाली बसली. पुढे तीच सगळ्यात मोठ्याने 'व्हय' म्हणायची.

वर्गात एक खुर्ची कायम रिकामी असायची. तिच्यावर बॅग ठेवलेली चालायची नाही, ओढणीसुद्धा नाही. ती वापरणाऱ्याची. सर आत आले की आधी तिला मान लववायचे, क्षणभर थांबायचे, मग हजेरी घ्यायचे. ज्याचं प्रोजेक्ट असेल त्याने त्या खुर्चीत बसायचं, ज्याच्यासाठी वस्तू बनवतोय तो माणूस व्हायचं आणि त्याचं गाऱ्हाणं घालायचं. मग नळावर जाऊन तोंड धुवायचं आणि मोठ्याने स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं. हे 'उतरवणं' सोडलेलं त्यांना खपायचं नाही. एक पोरगा आळस करून तसाच कँटीनला गेला, तर सर पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागे धावले होते. सगळं कँटीन हसलं. सर हसले नाहीत.

आणि वरळी कोळीवाड्यातली गोष्ट तर मी आयुष्यात विसरणार नाही. मासळी ठेवायच्या टोपलीवर काम होतं, म्हणून सकाळी आम्ही सगळे तिथे. सर एका म्हाताऱ्या कोळणीच्या शेजारी तिची परवानगी घेऊन बसले. ती जशी बसली होती तसे, गुडघा वर, कोपर गुडघ्यावर, नजर गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे. बसले ते बसलेच. थोड्या वेळाने गल्लीतून दुसरी एक बाई आली, सरांकडे बघून लगबगीने वाकली आणि म्हणाली, "अगो बाय, तू कवा आलीस?" मग तिला दाढी दिसली. ती किंचाळली नाही, किंचाळली असती तर बरं झालं असतं. ती रडायला लागली. तिची जाऊ गेल्या वर्षी वारली होती आणि त्याच जागी बसायची. शेजारची कोळीण सरांना म्हणाली, "उठ बाबा आता. लय झालं." सर उठले, समुद्राच्या पाण्याने तोंड धुतलं, नाव सांगितलं.

तुम्ही म्हणाल, एवढी टरकत होतीस तर वर्ग सोडला का नाहीस? नाही सोडला, कारण त्याच वर्षी माझ्या बाबांना झटका आला.

डावी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आणलं. घर म्हणजे चाळीतली एक खोली, आणि संडास गॅलरीच्या टोकाला. त्यातला एक चाळकमिटीने कमोडचा करून घेतला होता, पण तिथवर जाणार कोण? आईने कमोडची खुर्ची विकत आणली, पलंगाशेजारी ठेवली, पुढे जुन्या साडीचा पडदा लावला. पडद्याच्या अलीकडे गॅस. बाबांनी त्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि त्या दिवसापासून पाणी पिणं सोडलं. पाणी प्यायलं की जावं लागणार, आणि जावं लागलं की ती खुर्ची. चमचा तोंडाला लावला की ओठ घट्ट मिटायचे. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर किडन्या जातील. पुन्हा ॲडमिट केलं तरी घरी येतीलच असं नाही." आई ग्लास घेऊन समोर बसून राहायची. मी आईवर चिडायचे, बाबांवर चिडायचे, मग गॅलरीत जाऊन रडायचे.

म्हणून मी शेवटच्या प्रोजेक्टला कमोडची खुर्ची घेतली. आता सांगायला हरकत नाही, सुंदर केली होती मी. घडी होणारी, लाकडाच्या रंगाची, भोवती सरकता पडदा. बघणाऱ्याला कळूही नये कशाची आहे ती. सरांनी ड्रॉइंग बराच वेळ बघितलं.

"छान आहे. कुणासाठी?"

"बाबांसाठी."

"त्यांना विचारलंस?"

"बोलत नाहीत ते, सर."

"मग त्यांचं गाऱ्हाणं तूच घाल."

मी जाऊन त्या खुर्चीत बसले. डावा हात मांडीवर टाकला, बोटं आत वळलेली. तोंडाची डावी कड सोडली. आधी सोपं गेलं, घरी रोज बघत होतेच. मी म्हटलं, "इथे डाळ शिजतेय आणि मी पडद्याआड बसलोय." वर्ग म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मी म्हटलं, "पोरगी अभ्यास करतेय आणि मी बसलोय." "व्हय म्हाराजा!" मग मला हात जड वाटायला लागला. म्हणजे नाटकातला जड नाही. हलवून बघितला, हलेना. जीभ तोंडात मावेना. घशातून जे आलं ते माझं नव्हतं. मला मालवणी कळते, पण बोलता येत नाही. आई ओरडायची त्यावरून. आणि तरी मी बोलले, जाड, घोगऱ्या आवाजात:

"माका सोडा. माका जावचा आसा."

आणि वर्ग, सवयीने, एका सुरात, प्रज्ञासकट, म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मग कळलं सगळ्यांना आपण कशाला हो म्हटलं ते. आमच्या गिरणगावात म्हातारं माणूस 'मला आता जायचंय' म्हणालं की त्याचा अर्थ कुणी विचारत बसत नाही. सर फळ्याला टेकून उभे होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"परत घेऊ ना सर, आम्ही 'नाही' म्हणू," प्रज्ञा म्हणाली.

"नाही घेता येत," सर म्हणाले.

त्यांनीच मला नळापर्यंत नेलं. तोंडावर पाणी मारलं, नाव सांगायला लावलं. नाव सांगितलं, पण डावा पाय मागेच राहत होता. तेवढ्यात फोन वाजला. आई होती. हसत होती की रडत होती कळेना.

"गो, तुझे बाबा बोलले!"

"काय बोलले?"

"माका सोडा म्हणाले. माका जावचा आसा म्हणाले. आणि मग ना, कान देऊन बसले. कुणी तरी हो म्हटल्यासारखी मान हलवली. गो, तू ये लवकर. मी त्यांचो हात धरून बसलंय, सोडूचंय नाय."

प्रज्ञा नंतर कित्येकदा म्हणाली, योगायोग होता, तुला तुझ्या बाबांचं बोलणं पाठ असणार. असेल बाई. मी तिच्याशी भांडत नाही. पण त्या वेळी आम्ही दोघी फ्लायओव्हरखालून पळत होतो, माझा पाय अजून ओढत होता, आणि पुढे सर होते. ते वाट न विचारता बरोबर आमच्या चाळीच्या जिन्याशी थांबले.

वर आई पलंगावर बसली होती, बाबांचा उजवा दंड दोन्ही हातांनी कवटाळून. बाबा उठायला बघत होते आणि ती दाबून बसवत होती. "नको जाव," एवढंच घोकत होती. अँटॉप हिलच्या मामाला फोन झाला होता. शेजारणी दारात पदर तोंडाला लावून उभ्या. काय होणार ते सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

सर चपला काढून आत आले, बाबांच्या समोर जमिनीवर बसले आणि काही न बोलता बाबा झाले. डावा हात पडला, तोंड ओघळलं, एक डोळा अर्धा मिटला. आईने मला कोपर मारलं. "गो, ह्येंका काय झाला?" बाबा मात्र थांबले. कितीतरी दिवसांनी त्यांच्यासमोर त्यांच्याएवढ्या उंचीवर कुणीतरी आलं होतं. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग सरांनी त्या वाकड्या तोंडाने विचारलं:

"खंय?"

खंय जावचा आसा. कुठे जायचंय. आम्ही कुणी हा प्रश्न विचारलाच नव्हता! बाबांनी उजवा हात आईच्या मिठीतून सोडवायला धडपड केली, एक बोट मोकळं झालं, आणि त्या बोटाने त्यांनी दाखवलं. दाराबाहेर. गॅलरीच्या टोकाला. संडासाकडे.

एक शेजारीण फसकन हसली आणि लगेच रडायला लागली. मला माझं ते लाकडी रंगाचं ड्रॉइंग आठवलं आणि फाडून टाकावंसं वाटलं.

"वहिनी, हात सोडा," सर आता स्वतःच्या आवाजात म्हणाले.

"पडतीत ते."

"पडले तर उचलू. सोडा आता."

आईने सोडला. एकेक बोट करून सोडला. सरांनी गॅलरीतल्या सगळ्यांना हात जोडून आत जायला सांगितलं. "कुणी बघू नका. बघितलंत तर त्यांना जाता येणार नाही." आणि आमच्या चाळीत, जिथे कुणी शिंकलं तरी चार दारं उघडतात, तिथे माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाबा निघाले. भिंत, मग खिडकीचा गज, मग कठडा. मध्ये एकदा गुडघा गेला, आई झेपावली, सरांनी तिचे दोन्ही हात धरले. बाबा सावरले. संडासाचं दार लागलं, आतून कडी वाजली.

बराच वेळ काही नाही. मग आतून बाबांचा आवाज यायला लागला. हळू, तुटक, बोलायचे आणि थांबायचे, पुन्हा बोलायचे. फोनवर बोलतो ना माणूस, तसं. आईने माझ्याकडे बघितलं. आत कुणी असायचा प्रश्नच नव्हता. मग बादलीत पाणी पडलं, कडी निघाली, आणि बाबा बाहेर आले. चेहरा धुतलेला, लेंग्याची नाडी स्वतः बांधलेली, वाकडीतिकडी. तसेच भिंतीच्या आधाराने दारापर्यंत आले.

"गो," आईला म्हणाले, "पाणी दी."

आईने दिलं. घाईत अर्धं सांडलं. बाबांनी ग्लास संपवला, पुन्हा पुढे केला, तोही संपवला. मी त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघत होते. एवढा आनंद मला आयुष्यात कशाचा झालेला नाही.

तिसऱ्यांदा आईने भरला तेव्हा त्यांनी मान हलवली.

"तिका पण दी. मगापासना उभी आसा."

"कोणाक?" आईने विचारलं.

बाबांनी सरांच्या बाजूला बोट केलं. तिथे कुणी नव्हतं. "म्हातारेक. हाताक फडकी बांधलेली आसत."

सरांनी वळून बघितलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होते आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर दुसरं कुणी दिसलं नाही. ते कठड्याला धरून खाली बसले.

"माझी आई," ते म्हणाले. "सारखी पडायची. घरात दुसरं कोण नाही. मी शिकवायला निघालो की पलंगाला बांधून जायचो. मऊ फडकी होती, लागू नये म्हणून. रोज म्हणायची, सोड, माका जावचा आसा. मला वाटायचं, मरणाचं बोलतेय. मी म्हणायचो, असं बोलू नको. आणि गाठ बघून घ्यायचो. एक दिवस आलो तर तशीच गेलेली होती. बांधलेली."

प्रज्ञा भिंतीकडे तोंड करून रडत होती. आईने मात्र डोळे पुसले नाहीत. मगापासून दंड धरून बसलेली बाई ती, तिला यातलं सगळ्यात जास्त कळलं असावं. तिने भरलेला ग्लास सरांच्या हातात दिला.

"तुमीच द्या."

सर उठले. वळले. दोन्ही हातांनी ग्लास पुढे धरला, म्हाताऱ्या माणसाला वर बघावं लागू नये इतका खाली. इतक्या माणसांचे आवाज काढणारा माणूस, त्याला त्या वेळी स्वतःचा आवाज सापडेना. मग सापडला.

"आये, सोडलंय गो तुका."

बाबांची नजर सरांच्या शेजारून निघाली, हळूहळू कठड्याच्या कडेने पुढे सरकत गेली आणि जिन्यापाशी थांबली.

"गेली?" आईने कुजबुजत विचारलं.

"गेली," बाबा म्हणाले. "एकटीच गेली."